चिकटवलेला ऑक्सिजन

तुम्हीच सांगा, चिडू नको तर काय करू? परदेशातली नोकरी सोडून मी दर्यापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आले, ते रासायनिक बंध कसे जुळतात आणि तुटतात हे पोरांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. परवा हिमोग्लोबिन शिकवत होते. त्यातला लोहाचा अणू फुप्फुसात ऑक्सिजनला धरतो आणि पेशींपाशी सोडतो, हे कपाटातलं गोळ्या-काड्यांचं मॉडेल घेऊन दाखवायचं होतं. सगळा वर्ग टक लावून बघतोय आणि ऑक्सिजनची लाल गोळी काही सुटेना! ओढली, पिळली, शेवटी काडीच मोडली.

आवाज ऐकून प्रयोगशाळेचे वासुदेवभाऊ धावत आले. "मॅडम, काहून तोडून राहिल्या? म्या साऱ्या गोळ्या पक्क्या चिकटवल्या आहेत."

"चिकटवल्या? कशाला?"

"पोट्टे हरपवतात नं."

मी भडकलेच. "अहो भाऊ, हा ऑक्सिजन सुटला नाही तर माणूस मरतो!"

"माणूस मेला तं मले कोणी इचारत नाई, मॅडम," मोडलेली काडी उचलत ते शांतपणे म्हणाले. "तपासणीत गोळी कमी भरली तं मले मेमो भेटते."