वीसपैकी सहा

(भवानी पेठेतलं घर. संध्याकाळ. सर खुर्चीत, त्यांची बायको वैजयंती आत स्वयंपाकघरात. टी.वाय.ची संघप्रिया तपासलेला पेपर घेऊन दारातच उभी.)

संघप्रिया : तुमीच तपासलाय न्हवं सर? मग एवढंच वाचून दावा. समासात काय लिहिलंय ते.

सर : हे घर आहे, कॉलेज नाही. टी.वाय.ला आलीस आणि एवढी समज नाही?

संघप्रिया : कॉलेजात लई चकरा मारल्या. तुमी रोज म्हणता, उद्या.

सर : काय बघायचं त्यात? वीसपैकी सहा म्हणजे तुझी लायकी सहाची. संगीताचा इतिहास म्हणजे तुमच्या टेंभुर्णीच्या चौकात वाजणारी गाणी नव्हेत.

संघप्रिया : आठ लागत्यात पास व्हायला. सोनमला अठरा दिलं तुमी. आमी दोघींनी एकाच गाईडातनं पाठ केलं. गाईडात चुकीचं छापलेलं साल बी दोघींचं सारखंच हाय.

सर : सोनमनं बारा पानं लिहिली. मुद्दे हिरव्या पेननं अधोरेखित केले. टापटिपीला काही किंमत असते.

संघप्रिया : म्हंजे पानं मोजली.

सर : जीभ आवर.

संघप्रिया : आवरली. वाचा की शेरा.

सर : आण इकडं. ‘हे सहा गुण... या एका परि...’ काय हे अक्षर! माझा चष्मा कुठं गेला? अगं ए, चष्मा!

संघप्रिया : चष्मा डोळ्यावरच हाय, सर. तीन वर्सं तुमचं अक्षर फळ्यावर बघतोय आमी. हे तुमचं न्हाय. मला नापास कुणी केलं, तेवढं सांगा.

वैजयंती : मी केलं.

सर : तू आत जा. अगं, ही आपली बेरजा बघते फक्त, मला मदत म्हणून...

वैजयंती : बेरजा? पेपर काढते मी, तपासते मी, सही यांची. या वेळी निम्मा गठ्ठा हौसेनं स्वतः घेतला, म्हणून सोनम अठरावर गेली. माझ्याकडं आली असती तर तिला शून्य होतं.

संघप्रिया : काकू, तुमी कॉलेजात हाय का?

वैजयंती : नाही.

संघप्रिया : मग कुठल्या हक्कानं नापास करता? माझा भाऊ यशपाल, टेंभुर्णीला मोबाईलचं दुकान हाय त्याचं. तो म्हणतो, गाणं ऐकून कुणाचं भलं झालंय, नापास झालीस तर गुमान दुकानात येऊन बस. त्याला काय सांगू? सरांच्या बायकोनं नापास केलं म्हणून?

वैजयंती : हक्क नाहीच मला. एम.ए.ला मी पहिली आले होते. हे कसेबसे पास. जागा एकच होती, मुलाखतीला दोघं गेलो. मला विचारलं, मुलंबाळं झाल्यावर घर कोण बघणार? यांना विचारलं, सोमवारपासून येता का?

सर : झालं सुरू! पोरीसमोर तरी लाज बाळग.

वैजयंती : लाज सहीसोबत तुमच्याकडंच ठेवलीय.

संघप्रिया : तुमचं भांडण तुमी बघा. माझे सहा कशाचे?

वैजयंती : दे तो पेपर. सात पानं गाईड ओकून ठेवलंय. ‘आवाजाचा धीरगंभीर लगाव’ म्हणे. ऐकलायस कधी? त्याला मी भोपळा दिला. सहा दिलेत ते या चार ओळींना. ऐका हो, तुम्हीसुद्धा. ‘बाई सूर लावताना घाई करत न्हाय. गुडघ्यावर हात ठिवून माणूस उठावं तसा आवाज उठतो. मधीच थांबती. वाटतं संपलं. तबला चालूच असतो, म्हणून कळतं की संपलं न्हाय.’

सर : हे उत्तर आहे? ‘न्हाय’ आणि ‘ठिवून’? याचा एक गुण कापायला हवा होता.

संघप्रिया : ते व्हय? ते तर मी पाठ केलेलं इसरले म्हणून लिहिलं.

वैजयंती : काय म्हणालीस?

संघप्रिया : गाईडातला तिसरा मुद्दा आठवंना. जागा मोकळी दिसाय नको म्हणून वर्गात रेकॉर्डवर त्या बाईचं गाणं ऐकलेलं, ते मनाचंच घातलं. वाटलं, तिथंच मार्क जाणार.

वैजयंती : बघा, काय शिकवलंत तीन वर्षं. पोरीला स्वतःचे कान म्हणजे चूक वाटते.

सर : तुझी प्रवचनं पुरे. इकडं दे गं पेपर. सहाच्या आधी एक ओढला, हे बघ, झाले सोळा. खाली सही. उद्या ऑफिसात मीच बदलून घेतो. आणि पेपर कोण तपासतं, हे या घराबाहेर जाता कामा नये.

संघप्रिया : म्हंजे माझं तोंड बंद करायचे दहा.

सर : नको असतील तर खोडतो.

संघप्रिया : न्हाई, ऱ्हाऊ द्या. मला वर्स घालवायचं न्हाय. सोनमचे अठरा जसे, तसेच हे सोळा. तुमच्या पेननं दिलेल्या मार्काला काय इचार करायचा?

सर : उपकार केले तरी माज बघा.

वैजयंती : घे बाई, खुशाल घे. आणि हो, द्वितीय वर्षाचा गठ्ठा परवा येईल ना? तो तुम्हीच तपासा. सगळा.

सर : मला वेळ कुठं आहे?

वैजयंती : पानं मोजायला किती वेळ लागतो?

सर : डोकं फिरलंय हिचं. मी जरा चौकात जाऊन येतो. तू हो बाजूला, वाट अडवू नकोस.

संघप्रिया : जावा की. ...काकू, निघते मी बी. तुमच्यावर राग हाय माझा, तो जायचा न्हाय एवढ्यात.

वैजयंती : राहू दे. असावा.

संघप्रिया : एक इचारू? वर्गात सरांना फोन आला, अन् त्यांनी रेकॉर्ड मधीच बंद केलं. पुन्हा लावलंच न्हाय. ती बाई पुढं काय करती?

वैजयंती : सांगून कळायचं नाही ते. आत ये, बस. लावते.