दुसरा सेरोब

— थप्प. मग जरा थांबून पुन्हा थप्प. तुला नाही आठवणार तो आवाज, पोरी, तू आत होतीस, तो बाहेरूनच नीट ऐकू यायचा. आई तोनीरच्या काठाशी ओणवी व्हायची, जमिनीतल्या त्या भट्टीत हात घालून लवाशची पोळी भिंतीवर मारायची — थप्प — आणि बाहेर लाकडं फोडता फोडता मला वाटायचं, चला, घर ठीक चाललंय. भाजणीच्या दिवशी पुरुषानं आत पाय टाकायचा नाही, बायकांचं जे काय असेल ते त्या भट्टीपाशी, हे तर लहानपणापासूनचं. पण त्या दिवशी तो आवाज थांबला. मी कुऱ्हाड खाली ठेवली. करपल्याचा वास आला. माझ्या आईनं जन्मात पोळी करपू दिली नव्हती, आरुस. आत तुम्ही दोघीच, तू आणि तुझी आजी, तू तेव्हा शाळेचं शेवटचं वर्ष करत होतीस. मी दारापर्यंत गेलो आणि माघारी फिरलो. काय बोलली ती, ते मी तुला कधी विचारलं? नाही विचारलं. तू शहरात गेलीस, लिहायला लागलीस, तेव्हाही नाही.

बस ना, गाडीला वेळ आहे. ही तुतीची दारू आहे, आपल्याच झाडाची, थोडी घे. मी तुला भांडायला बोलावलेलं नाही. भांडण मला जमत नाही, तुझी मामी होती तेव्हा ते खातं तिच्याकडे होतं.

पुस्तकात आईच्या फडक्याचं तू छान लिहिलंयस. नवी सून तोंडाला फडकं बांधते, सासूसासऱ्यांशी बोलत नाही — पण सासूनं बोलायची मोकळीक दिली, पुढं सासू वारली, तरी आईनं फडकं सोडलं नाही. गावातल्या बायका आपापल्या सुनांना सांगायच्या, मर्यादा शिकायची तर सेरोबच्या आईकडून शिका. मर्यादा! मला ठाऊक होतं. मी एवढासा असताना ती तोंड धूत होती आणि मी मागून आलो. हनुवटीवर निळी टिंबं, ओठाखाली निळी रेघ. कत्तलीच्या साली नेलेल्या आपल्या पोरींना वाळवंटातले लोक असं गोंदवायचे, हे मला फार पुढं कळलं. तिनं माझ्याकडे बघितलं, फडकं बांधलं, मला जर्दाळू दिला. एवढंच. ते मी तुझ्या मामीलाही सांगितलं नाही. आई गेल्यावर तिला शेवटचं स्नान घालताना बायकांनी बघितलं असेल, त्याही गप्प राहिल्या. आणि काल सभागृहात भिंतीवर तुझ्या पुस्तकाचं एवढं मोठं चित्र — तीच हनुवटी.

नाही, त्याचं मी वाईट नाही धरलं. खरंच नाही. मी बघितलं ना, म्हाताऱ्या बायका उठून तुझ्याकडे आल्या, आमच्याही आजीला होतं गं, आमच्याही. साऱ्या जन्माचं धरून ठेवलेलं रडल्या. घरोघर एकेक फडकं होतं म्हणायचं, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपलंच. ते तू सोडलंस. कुणीतरी सोडायलाच हवं होतं, आणि बाईनंच.

पण ते पोर.

मी चार इयत्ता शिकलेला, ओळीखाली बोट ठेवून वाचतो. तू पाठवलंस तेव्हापासून वाचतोय, आत्ता कुठं गावातनं हाकलून नेलेल्या पोरी नदी उतरतायत तिथं आलोय. पोर त्याच्या पुढं येतं. मला कुठं ठाऊक. मी सूट घालून पहिल्या रांगेत बसलो, भाची वाचणार म्हणून. आणि तू वाचलंस — तंबूत तिला मुलगा झाला, बाकीचे त्याला त्यांच्या नावानं हाक मारायचे, पण ही रात्री त्याच्या कानात आपलं नाव सांगायची, सेरोब, सेरोब. आणि सुटकेच्या दिवशी तो झोपलेला होता, त्याला तसाच ठेवून ती निघाली. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं, आरुस. आपल्या गावचा हमायाक मागून म्हणाला, "काय रे, म्हणजे तू दुसरा निघालास!" हसला. मीही हसलो.

तू मला आधी सांगायचंस. इथं, या बाकावर. मामा, असं असं आहे. मी काय केलं असतं? ऐकलं असतं.

काल सभागृहात एका पोरानं विचारलं ना तुला, हे खरं घडलं का — तू म्हणालीस, कादंबरीला असं विचारायचं नसतं. त्याला ते ठीक आहे. तो परका. पण मी? आजोबाचं नाव पहिल्या नातवाला द्यायची रीत, पण माझ्या बारशाला ते नाव डावलून, सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडलेली सून चर्चमध्ये मोठ्यानं म्हणाली — सेरोब. गाव अजून ही गोष्ट सांगून हसतं. ती गोष्ट घेऊन तू त्यावर पोर रचलंस? की तिनंच तुला सांगितलं, पोळी करपली त्या दिवशी? मला नाही, तुला. मी दाराबाहेर होतो, तिनं हाक मारली असती तर आलो असतो. — मारली का गं तिनं हाक? नाही. आईनं मला नाही सांगितलं. त्याचा राग तुझ्यावर काढतोय की काय मी... राहू दे.

एवढंच सांग. तो असेल तर माझ्याहून थोडाच मोठा. तिकडे कुठं मेंढरं राखत म्हातारा झाला असेल. तसं असलं तर मला त्याच्या नावानं ग्लास उचलायचाय. जिवंत माणसासाठी आपण ग्लास भिडवतो, गेलेल्यासाठी भिडवत नाही. आणि जो नव्हताच, त्याच्यासाठी उचलतच नाही. मी उचलला बघ. बोलू नकोस, बोलायचं नसेल तर. नुसता तुझा ग्लास माझ्या ग्लासाला लाव. किंवा नको लावूस, नुसती पी, म्हणजे मला कळेल. किंवा खाली ठेव.

हातातच का धरून बसलीस?

आरुस. — पिशवी कशाला उचलतेस, गाडी अजून... ग्लास तरी... तसाच घेऊन निघालीस. बरं. फाटकाला खालून कडी आहे, ती लाव, कोंबड्या बाहेर