प्रबोधच्या नावाचं कार्ड

नाही गं, सही करू नकोस असं कुठे म्हणतेय मी? तन्मयच्या कार्डावर तुला सप्लिमेंटरी, म्हणजे जोडकार्ड, मिळतंय ना, घे की. डिपेंडन्ट पासवर, नवऱ्याच्या नोकरीच्या जोरावर इथे आलीस, पगार नाही, तुला वेगळं कार्ड कोण देणार? आणि सोय असतेच — भाजी, औषधं, दर वेळी नवऱ्यापुढे हात पसरायला नको. फक्त एक लक्षात ठेव, वल्लरी, मी बँकेत कार्डांच्याच विभागात बसते म्हणून सांगते — कार्डावर नाव तुझं छापतात, पण पत सगळी तन्मयची. तू वर्षानुवर्षं नीट वापरलंस तरी ते पुण्य त्याच्या खात्यात. उद्या स्वतःचं मागायला गेलीस, तर — कोण तुम्ही? म्हणून छोटीशी का होईना, नोकरी बघ, नि एखादं स्वतःच्या नावावर घे. चहा घे ना, गार होतोय.

प्रबोध? लिटिल इंडियात, आपल्या देशी बाजारात गेलाय, येईलच. माझ्या बदलीपायी पुण्यातलं कॉलेज सोडलं त्याने, गणित शिकवायचा. इथे आल्यावर मीच त्याला असंच कार्ड काढून दिलं. तेव्हा विचारलं होतं त्याने — मीनल, हे नीट वापरलं की पुढे माझं स्वतःचं मिळायला सोपं जाईल ना? मी म्हटलं, हो, जाईल की. माहीत होतं गं मला. घाईत होते, म्हणून — नाही, घाई कसली. त्याने काही घेतलं की मेसेज माझ्या फोनवर येतो ना, ते मला आवडायचं. ऑफिसात बसून कळायचं, आता चपला घेतल्या, आता केस कापले. पाळत नव्हती ती, काळजी होती. म्हणजे, मी काळजी म्हणायचे.

मध्यंतरी ट्यूशनच्या कमाईवर एका बँकेत स्वतःचं मागायला गेला. तुमचा काही रेकॉर्डच नाही, म्हणाले. घरी येऊन गुपचूप कुकर लावला. मी तोंड उघडणार, तर मलाच म्हणतो, जाऊ दे, तुला तरी कुठे माहीत असणार. मला. कार्डांच्या विभागातल्या बाईला. आणि मी गप्प बसले, अजून गप्पच आहे. आता ठेव ठेवून त्यावर कार्ड काढणार आहे म्हणे, त्यासाठी ट्यूशनचे पैसे साठवतो — रोख, त्या वरच्या डब्यात. माझ्या खात्यात नकोत म्हणतो.

परवा मीटिंगमध्ये मेसेज आला, साडीच्या दुकानातून. मी लगेच फोन — काय रे घेतोयस एवढं? काही नाही, म्हणाला, आणि परत केली साडी. आज आमच्या लग्नाचा वाढदिवस, वल्लरी. ते मला फोन ठेवल्यावर आठवलं. आज सगळं सांगून टाकणार आहे त्याला, अगदी ठरवलंय. फोनही बघ, सकाळपासून गप्प आहे, काही घेतलेलं दिसत नाही, बिचारा नुसता भटकत —

आलास? ही वल्लरी, खालच्या मजल्यावरची. पिशवी — त्याच दुकानाची का? अरे, पण मला मेसेज नाही आला. वल्लरी, तू ऐकलास का फोन वाजलेला? नाही ना. मग पैसे कुठून —

तो वरचा डबा काढ, प्रबोध. नको, राहू दे, मीच काढते.

रिकामा आहे.

वल्लरी, तू नीघ आता.