डावी पाकळी

(रत्नागिरी. गोदाचं स्वयंपाकघर, दुपारची वेळ. गोदाच्या माहेरगावची जनी देवरूखच्या एसटीने नुकतीच आली आहे.)

गोदा : ...एवढंच तर सांगायचंय गं तुझ्या भावाला. दुसरं काही मागत नाही मी.

जनी : एवढंच म्हंजे किती, गोदाताई? सगळं तोंडाने बोल. अर्धं बोललेलं मला कळत नाही.

गोदा : गुरवाची लेक तू, तुला कळत नाही? रविवारी मी लेकीच्या लग्नाचं विचारायला मनस्वीला घेऊन देवळात येते. रावजी कौल लावेल. जाखाईच्या उजव्या अंगाला एक पाकळी, डाव्या अंगाला एक. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता डाव्या पाकळीला त्याने पाणी जरा कमी लावलं, तर कोणाचं काय बिघडतं?

जनी : पाणी कमी म्हंजे डावी आधी सुटेल.

गोदा : सुटली तर सुटली.

जनी : मंगळवारी, उपासाच्या दिवशी, हे ऐकायला बोलावलंस मला?

गोदा : तुझा कुठला वार मोकळा असतो, सांग. सोमवार, मंगळवार, संकष्टी, एकादशी. तुला बोलवायचं म्हणजे आधी पंचांग उघडायला लागतं.

जनी : पोरगा कोण ते तरी सांग. फोनवर नुसती हुं हुं करत होतीस.

गोदा : फोनवर कशी बोलणार, मनस्वी घरात होती. दर्शन नाव त्याचं. तिच्याच लॅबमध्ये रक्त तपासतो. दारू नाही, तंबाखू नाही, मोठ्याने बोलणं नाही. ह्यांच्या शेवटच्या दुखण्यात औषधांसाठी तोच धावत होता. चांगला आहे, तीच तर पंचाईत आहे.

जनी : मग?

गोदा : बौद्ध आहेत ते.

जनी : बरं.

गोदा : बरं काय?

जनी : बरं म्हंजे ऐकलं.

गोदा : मी जातबीत बघत नाही, हां. माझं म्हणणं देवाचं आहे. त्यांच्याकडे देव्हारा नाही. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, सकाळ-संध्याकाळ वंदना. सगळं स्वच्छ, नीटनेटकं. पण माझी पोर गौर कुठे बसवणार? शिमग्याला माहेरच्या अंगणात पालखी आली, तर ओटी भरायला कुठल्या नात्याने उभी राहणार? भावकी काय बोलेल?

जनी : जात बघत नाहीस, तर त्यांच्याकडे गेली होतीस का?

गोदा : गेले होते ना. चहा प्याले.

जनी : आणि?

गोदा : आणि काय? घरी आले, आंघोळ केली.

जनी : गोदाताई.

गोदा : उन्हातून आले होते! घाम आला होता. अशी बघू नकोस माझ्याकडे. ...बरं, घामाने नाही केली. झालं समाधान?

जनी : मनस्वी काय म्हणते?

गोदा : ती वेडी. मी म्हटलं, आपल्याकडे जाखाईला विचारल्याशिवाय काही ठरत नाही. मला वाटलं आकांडतांडव करेल. तर म्हणाली, आई, तुझी एवढी श्रद्धा आहे तर मलाही मान्य, ती सांगेल तसं. त्यालाही तयार केलं. तो म्हणाला, आमच्यात स्वतः पारखून घ्यायला सांगितलंय, पण तुझ्या आईसाठी येतो. पायरीखाली उभा राहतो म्हणाला.

जनी : पायरीखाली का? आत येऊ दे की.

गोदा : मीही तेच म्हटलं. तर म्हणाला, आमच्या आजोबांना जिथवर येऊ देत होते तिथवर येतो. हसत म्हणाला गं.

जनी : आणि ह्या पोराला फसवायला तू मला सांगतेस.

गोदा : फसवायचं कुठे! देवीच्याही मनात तेच असेल, आपण नुसता हात लावायचा. खालच्या मजल्यावरच्या रेहानाभाभीलाही विचारलं मी. तिच्या लेकीच्या लग्नाआधी तिने इस्तिखारा केला. म्हणजे नमाज पढून अल्लालाच विचारायचं, हे काम करू का नको. मला म्हणाली, भाभी, आपलं उत्तर मनात ठेवून विचारायचं नाही, आधी मन रिकामं करायचं. मी म्हटलं, एवढं मन रिकामं झालं असतं तर विचारायला कशाला गेले असते?

जनी : ती बरोबर बोलली.

गोदा : सगळ्या बरोबरच बोलतात. लेक माझी आहे. जने, मला तिला नाही म्हणवत नाही गं. हे अंगावर धावून यायचे तेव्हा सात वर्षांची पोर मधे उभी राहायची. तिला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? जाखाईने म्हणावं. जाखाईवर नाही रागवायची ती. मी तरी रागावले का? माझंही लग्न कौलावरच झालं. उजवा कौल. एकतीस वर्षं काढली त्याच्यावर.

जनी : तो उजवा नव्हता.

गोदा : काय?

जनी : तुझा कौल. डावी पडली होती आधी.

गोदा : उपासाने चक्कर आलीय तुला. पाणी पी. आप्पा होते, काका होते, मी स्वतः खांबाला टेकून बसले होते. सगळ्यांदेखत उजवी पडली.

जनी : सगळ्यांदेखत उजवी पडली. त्याच्या आधीचं मी सांगते. बाबांनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. तेवढ्यात बाहेर मंडपात पालखीच्या वाटेवरून दोन वाड्यांचं भांडण जुंपलं, आठवतं?

गोदा : आठवतं. काकांची टोपी उडाली होती.

जनी : सगळे तिकडे धावले, तूही. बाबा मला म्हणाले, जने, नजर हलवू नको. मी नाही हलवली. डावी पाकळी माझ्यासमोर सुटली आणि खाली आली. वारा नाही, काही नाही. आपली आपण.

गोदा : मग हाक का नाही मारलीस?

जनी : उचलली, आणि परत लावली.

गोदा : जने...

जनी : बाबा आले तेव्हा दोन्ही जागच्या जागी होत्या. मग अर्ध्या तासाने उजवी पडली. घंटा वाजली. तुझ्या आप्पांनी नारळ फोडला.

गोदा : परत लावली म्हणजे? पाण्याचा तांब्या तर तुझ्या बाबांजवळ असायचा.

जनी : त्यांच्याजवळच होता.

गोदा : मग कशाने लावलीस?

जनी : नको विचारू गो.

गोदा : कशाने?

जनी : थुंकीने. बोट तोंडात घातलं आणि लावली. जाखाईच्या अंगाला, गाभाऱ्यात. त्या दिवसापासून रोज सकाळी हात धुताना ते बोट मी तीनदा धुते. मुलं हसतात मला, म्हणतात आईला वेड लागलंय.

गोदा : पण का? माझं काय वाईट होतं तुझ्या मनात?

जनी : वाईट नव्हतं. तू म्हणाली होतीस, मला रत्नागिरीत दिली तर तुला समुद्र दाखवीन.

गोदा : समुद्र?

जनी : मी पंधरा वर्षांची. देवरूखच्या पलीकडे कधी गेले नव्हते. तू परत परत सांगायचीस, आभाळाएवढं पाणी असतं म्हणून.

गोदा : आणि दाखवला की मी. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात. भाट्याच्या वाळूत परकर भिजेपर्यंत नाचलीस.

जनी : हो.

गोदा : त्या दिवशी घरी यायला उशीर झाला. तू बाहेर पायांची वाळू झटकत होतीस, आणि आत ह्यांनी मला पहिल्यांदा मारलं.

जनी : मला... हे मला ठाऊक नव्हतं.

गोदा : कसं असणार? मी बाहेर येऊन तुला लाडू दिला.

जनी : गोदाताई, मला ओरड तरी.

गोदा : थांब. दुसऱ्या वर्षी मी मनगट मोडून माहेरी आले. तेव्हा होतीस तू तिथे.

जनी : होते. लेप मीच लावला.

गोदा : आप्पा काय म्हणाले होते?

जनी : तुला ठाऊक आहे.

गोदा : तू बोल. सगळं तोंडाने बोलायचं असतं ना?

जनी : म्हणाले, “कौल उजवा आहे गोदे. जाखाईच्या शब्दाबाहेर मी नाही. परत जा.”

गोदा : आणि तू लेप लावत होतीस.

जनी : जिभेवर आलं होतं गो. पण वाटलं, बाबांच्या हातून देऊळ जाईल. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला तू आलीच नाहीस. नंतर मनस्वी झाली, मग वाटलं आता सांगून काय उपयोग. सांगायचं नाही म्हटल्यावर मी वार धरायला लागले. हा मंगळवार तुझ्या नावाचा आहे.

गोदा : माझ्या नावाचा! तू उपाशी राहिलीस आणि मार मी खाल्ला. झकास वाटणी केलीस. मला कधी विचारलंस, गोदाताई, तुला उपास हवा की खरं हवं?

जनी : नाही विचारलं.

गोदा : वीस वर्षं मी ह्या बाईला पुण्यवान समजून लेकीला हिच्या पाया पडायला लावते.

जनी : ती वाकली की मी पाय मागे घेते. तू बघितलं असशील.

गोदा : बघितलं. मला वाटलं तुझं सोवळं. ...जने, एक सांग. म्हणजे जाखाई नाही म्हणाली होती?

जनी : हो.

गोदा : मला तिथे देऊ नका, असं म्हणाली होती.

जनी : हो गो.

गोदा : मी रोज तिच्या तसबिरीपुढे दिवा लावते. पण वर बघून कधी लावला नाही. मनात म्हणायचे, तूच ढकललंस मला, आता ही वात घे आणि गप्प बस. आजवर हे मी कोणाला बोलले नाही. आणि ती तर मला धरून ठेवत होती.

जनी : मला वाटलं तू मला शिव्याशाप देशील.

गोदा : देणार आहे. जरा दम धर, एका वेळी एकच होतं माझ्याने.

जनी : रावजीला मी काही सांगणार नाही. एवढ्यासाठीच बोलले आज. नाहीतर बोलले असते की नाही, देव जाणे.

गोदा : नकोच सांगू. तिचा शब्द खरा होता ना? मग रविवारी खराच कौल लावू. पाणी दोन्हीकडे सारखं. ती सांगेल ते खरं.

जनी : आणि उजवी पडली तर? हसत पाठवशील पोरीला त्यांच्या घरी?

गोदा : नाही. म्हणेन वारा आला. म्हणेन रावजीचा हात थरथरला, परत लाव. डावी पडेपर्यंत लावायला लावेन मी.

जनी : आणि डावी पडली तर?

गोदा : तर ती तिथेच बसून रडेल. आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणेन, जाखाईच्या शब्दाबाहेर आपण नाही बाळा. ...आप्पांचंच तोंड लावून बोलेन गं मी. अगदी तस्संच.

जनी : डोळे पूस. जिन्यात पावलं वाजतायत.

मनस्वी : जनीमावशी! कधी आलीस? थांब, पाया पडते.

जनी : नको. आज नको, मनू. बस अशी जवळ.

मनस्वी : आई, रविवारी पहिली गाडी की दुसरी? दर्शनने रजा टाकलीय. पांढरा शर्ट इस्त्रीला दिलाय त्याने. मी म्हटलं, अरे तू बाहेर उभा राहणार, तुला कोण बघतंय! तर म्हणे, बघणाऱ्याला बाहेरचं पण दिसत असेल ना.

गोदा : रविवारी जायचं नाही.

मनस्वी : का? सुतक आलं कोणाचं?

गोदा : नाही.

मनस्वी : मग? मावशी, तू रडलीस का?

जनी : गाडीत धूळ फार होती.

गोदा : आता तरी खोटं बोलू नकोस.

जनी : रडले, मनू.

मनस्वी : काय झालंय, कोणी सांगेल का मला?

गोदा : मी हिला सांगत होते, रावजीमामाला सांगून डावी पाकळी आधी पाड. नकार यावा म्हणून.

मनस्वी : तू?

गोदा : हो. मीच.

मनस्वी : आई, मी मान्य केलं होतं गं. मनापासून. नाही आलं असतं तर मी त्याला सांगून मोकळी झाले असते. आयुष्यभर मला वाटलं असतं की देवीनेच...

गोदा : ठाऊक आहे मला, तसं वाटत आयुष्य कसं जातं ते. तुझ्या मावशीला विचार कधीतरी. आज नको. आज मलाच तिच्याकडे बघवत नाहीये.

जनी : मी निघते. साडेपाचची गाडी मिळेल.

गोदा : बस. उपाशीपोटी कुठे निघालीस. तुझं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

मनस्वी : आणि माझं? आता हो समजू की नाही?

गोदा : माझ्या मनात अजून हो नाही, हे खरं सांगते. रविवारी त्याला इथे बोलाव. त्याच्या आईलाही घेऊन यायला सांग. ह्या स्वयंपाकघरात बसतील, इथेच जेवतील. मग मी बोलेन.

मनस्वी : आणि तू नाहीच म्हणालीस तर?

गोदा : तर माझ्यावर राग धर. जाखाईवर धरू नकोस.