मर्यादेला टेकलेला माणूस

...आणि वर ती कर्जाच्या ऑफिसातली पोरगी मलाच सांगते, 'मिस्टर लाहती, जरा हात आखडता घ्या!' हात आखडता? मी? अहो मंडळी, तुम्ही मला ओळखता ना? या चर्चच्या तळघरात दर रविवारी मी तीन कप कॉफी पितो, ती काय आवडते म्हणून? फुकट असते म्हणून! बंदरात खनिजाच्या धक्क्यावर एकतीस वर्षं नोकरी केली, ती एकाच थर्मासवर! अख्ख्या डुलुथमध्ये माझ्यापेक्षा चिकट माणूस दाखवा, मी त्याला जेवायला घालतो... म्हणजे, त्याच्याच पैशानं. आणि यांचा कंप्युटर म्हणतो काय, तर हा बाबा क्रेडिट कार्डाच्या मर्यादेला टेकलाय! मी! मर्यादेला टेकलेला माणूस!

तुम्हाला सांगतो, हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं हो. माझ्या बायकोचं, मार्लिसचं, खुब्याचं ऑपरेशन एक मार्चला. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बेचाळीस पायऱ्या. सर्जन म्हणाला, 'पायऱ्यांच्या घरी मी यांना सोडणार नाही. नाहीतर मग नर्सिंग होम बघा.' मार्लिसची आई अशीच तात्पुरती म्हणून नर्सिंग होमला गेली होती, ती परत आलीच नाही. त्या दिवशी जिना चढताना मार्लिसनं माझ्या कोटाची बाही अशी काही घट्ट धरली, की मला धडकीच भरली.

मग घर बघितलं. टोलेफसनबाईंचं, एकमजली, दाराशी मोजून एक पायरी. बाई मुलीकडे ॲरिझोनाला निघालेल्या. म्हणाल्या, 'पंधरा फेब्रुवारीपर्यंत थांबते. मग जो येईल त्याचं घर.' निम्मी रक्कम माझ्याकडे तयार, उरलेल्या निम्म्याचं कर्ज. म्हटलं, आपल्याला कोण नाही म्हणणार? आयुष्यात कुणाचा एक सेंट बुडवलेला नाही!

गेलो कर्जाच्या ऑफिसात. तिथं ती कॅरिन, माझ्या मुलीच्या वयाची. स्क्रीनकडे बघते, माझ्याकडे बघते, परत स्क्रीनकडे. 'तुमचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे पतीचे मार्क, सहाशे एक्काहत्तर. आम्हाला सहाशे ऐंशी लागतो. तुमच्या कार्डाची मर्यादा चारशे बारा डॉलर, आणि तुम्ही वापरलेत तीनशे अठ्ठ्याण्णव. मर्यादेच्या इतकं जवळ गेलं की मार्क कापतात.' म्हटलं, 'अहो बाई, मर्यादा दहा हजार आहे!' 'असेल हो, पण तुमची कार्ड कंपनी ती स्कोअर काढणाऱ्यांना कळवतच नाही. मग कंप्युटर काय करतो, आजवरचं तुमचं सगळ्यात मोठं बिल शोधतो आणि तीच मर्यादा धरतो.' सगळ्यात मोठं बिल! बर्फातले टायर घेतले होते मी, चार, तेही सेलमध्ये! म्हणजे बघा, कधीतरी एकदा नऊ हजार उधळले असते, तर आज मी सभ्य ठरलो असतो. जन्मभर काटकसर केली, म्हणून मी... मर्यादेला टेकलेला माणूस!

'पण मी दर महिन्याला पै न् पै भरतो!' 'भरता, पण बिल निघाल्यावर. स्कोअरवाल्यांना कळवतात तो आकडा बिल निघतं त्या दिवशीचा.' आता हे कुणाला माहीत? तुम्हाला होतं माहीत? बघा!

घरी येऊन कार्ड कंपनीला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकलं. मग एक ट्रेव्हिस आला, आवाज असा की पोळीवर मध ओततोय, 'स्सर, आम्ही कुणाचीच मर्यादा कळवत नाही. कळवली, तर दुसऱ्या कंपन्या आमची चांगली गिऱ्हाइकं पळवतील. तुम्ही इतके उत्तम गिऱ्हाईक आहात, स्सर, की आम्ही तुम्हाला लपवून ठेवलंय!' लपवून! म्हटलं, 'अरे बाबा, इथं माझी बायको अडकलीय, तू मला जरा उघड्यावर काढ की!' तर म्हणतो, 'आणखी काही सेवा, स्सर?'

कॅरिन पोरगी मात्र सज्जन. म्हणाली, 'तुमचं बिल बारा तारखेला निघतं. त्याच्या आत सगळे पैसे भरून टाका, नवा आकडा मी लगेच मागवते, स्कोअर चढेल. आणि मिस्टर लाहती, मग काही करू नका. काही म्हणजे काहीच नाही.' पाच तारखेलाच भरले. मग बसलो कॅलेंडरसमोर. सहा... सात... आठ... मार्लिस विचारायची, 'होईल ना हो?' मी म्हणायचो, 'होणारच!' आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहायचो, माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून.

दहा तारखेला जेवायला आला आमचा मेहुणा, रॉइस. सात कार्डं! सातांवर मिळून नऊ हजार डॉलरचं देणं, बोट विकत घेतलीय, ती पाण्यात कमी आणि गॅरेजमध्ये जास्त! पण त्याच्या साती कंपन्या मर्यादा इमानेइतबारे कळवतात, एकूण साठ हजार. नऊ कुठं, साठ कुठं! त्याचा स्कोअर सातशे अठ्ठेचाळीस! माझ्याच ताटातला मासा खात म्हणतो, 'दाजी, थोडे मार्क उसने देऊ का? तुम्ही म्हणजे काय, मर्यादेला टेकलेला माणूस!'

तुम्हाला सांगतो, डोक्यात अशी सणक गेली... उठलो आणि फोन लावला. ट्रेव्हिसच! 'बंद कर माझं कार्ड!' 'स्सर, बावीस वर्षांचं कार्ड आहे, नक्की?' 'नक्की! आत्ता!' स्वयंपाकघरातून मार्लिस ओरडतेय, 'अहो, ती काही करू नका म्हणाली होती ना!' पण तोवर ट्रेव्हिस म्हणाला, 'झालं, स्सर.' पाऊण तास वाट बघायला लावणारा माणूस, आणि हे दहा सेकंदांत झालं!

चौदाला कॅरिनचा फोन. रडवेली. 'काय केलंत हो हे! तुमच्या नावावर आता एकही चालू कार्ड नाही, स्कोअर सहाशे एकोणचाळीस झाला!' म्हटलं, 'मला वाटलं, कार्डच नसलं की माणूस आणखी सभ्य...' ती म्हणाली, 'आता उद्यापर्यंत काही होणार नाही हो.'

सोळाला टोलेफसनबाईंचा फोन, 'माफ करा हं, घर दिलं. गिऱ्हाइकाचे कागद अगदी चोख होते.' मी मार्लिसला सांगितलं. तिनं मान हलवली आणि कपाटातून आपली छोटी बॅग काढली, नर्सिंग होमला न्यायची. त्या बॅगेकडे बघवेना हो. चूक माझी होती आणि आवरायला ती बसली होती.

तेवढ्यात जिन्यात धापा. रॉइस! बेचाळीस पायऱ्या चढून लाल झालेला, हातात किल्ल्या. 'ताई, ती बॅग ठेव आत. टोलेफसनबाईंचं घर मी घेतलंय. तू राहा तिथं, हवं तितकं.' मार्लिस त्याच्या गळ्यात पडून रडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू! इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाला मिठी मारली, म्हटलं, 'रॉइस, तू देवासारखा धावून आलास रे!'

तर मिठीतूनच माझ्या कानाशी हळूच म्हणतो, 'दाजी, भाडं एक तारखेला. आणि तीन महिन्यांचं आगाऊ लागेल. मनाला लावून घेऊ नका हं... तुमचा स्कोअर बघितला मी.'

काय करता... दिले मोजून!