व्हय आल्याशिवाय सुई नाही

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या रुग्णालयाचे संस्थापक श्रीपतीकाका, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांच्या प्रेमापोटी आज रत्नागिरीतलं हे सभागृह भरलंय त्या आपल्या सत्कारमूर्ती वासंती सिस्टर, त्यांच्या माहेर-सासरची मंडळी आणि कॅथलॅबमधल्या माझ्या सहकाऱ्यांनो, नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. सिस्टर आत्तापासूनच घड्याळ बघतायत, बघा!

कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयात नळी घालायच्या खोलीत, आम्ही नेमकं करतो काय, ते घरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. ठोके बिघडवणारी जागा पुष्कळदा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात असते. आमची नळी मात्र मांडीच्या शिरेतून पोचते उजव्या कप्प्यात. मग पलीकडे जायचं कसं? मधला पडदा जिथे पातळ असतो, तिथे सुईनं बारीकसं भोक पाडून! बारा वर्षं करतोय, अजून माझ्याच छातीत धडधडतं. कारण जरा पुढे महाधमनी असते. सुई तिच्यात घुसली तर माणूस टेबलावरच जायचा.

सिस्टरांचे वडील गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे; ते देवापुढे एकेक मागणं मांडणार आणि जमलेला गाव दर वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणणार. तीच रीत सिस्टरांनी कॅथलॅबमध्ये आणली. सुई टोचण्याआधी त्या मोठ्यानं विचारणार, "प्रेशर नीट?" "व्हय म्हाराजा!" "इकोत टोक मधल्या पडद्यावर दिसतं?" "व्हय म्हाराजा!" ज्याचं काम, त्यानंच उत्तर द्यायचं. मी पुण्याहून नवा आलो तेव्हा हसलो होतो. म्हटलं, अहो, हे हॉस्पिटल आहे की शिमगा?

गेल्या वर्षी पालीचे भागोजीकाका टेबलावर होते. आमची इको टेक्निशियन, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी बघणारी उर्वी, रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. सिस्टरांनी विचारलं, "इकोत टोक दिसतं?" उर्वी गप्प. मला भारी घाई! तिच्या वतीनं मीच ओरडलो, "व्हय म्हाराजा!" आणि सुई सरकवायला गेलो.

सिस्टरांनी माझं मनगट धरलं.

"थांबा, डॉक्टर. हा व्हय तुमचा. उर्वीचा नाय आला."

"अहो, मला दिसतंय ना!"

"दिसू दे. तिला विचारा."

उर्वी रडकुंडीला आली होती. "सर, टोक पडद्यावर नाय वाटत. पुढे वाटतंय."

चित्र फिरवून बघितलं. टोक महाधमनीला टेकलं होतं! सुई मागे घेतली, जागा पुन्हा शोधली. सुईच्या टोकानं मधला पडदा तंबूसारखा ताणलेला दिसला आणि उर्वी काय ओरडली म्हणता, "व्हय म्हाराजा!" पुढच्या क्षणाला आम्ही पलीकडे!

रिपोर्टात मी लिहिलं, 'सुईची जागा बदलली.' बस्स. चुकलो, असं कुणालाच म्हटलं नाही. वर्षभर ते मनाला खात होतं. आज सकाळी पालीला जाऊन भागोजीकाकांना सगळं सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सभेत माझं नाव घेऊन सांगा. आणि आता च्या घ्या." ते बघा, तिसऱ्या रांगेत बसलेत.

संयोजकांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. पण सिस्टर, त्या दिवसाचं गाऱ्हाणं तुमच्यापुढे आहे. चूक माझी होती, ती पदरात घ्या, म्हाराजा!

नाही, नाही, मंडळी, तुम्ही कुणी ओरडू नका. हा व्हय सिस्टरांचाच यायला हवा.