सहा नंबरच्या गाळ्यापुढं वाकलेला माणूस

मंडळी, ऐका! देवाला नमस्कार झाला, आता एक प्रश्न तुम्हाला. माणसाला एकटं पाडायला किती माणसं लागतात? एक? दहा? — काय म्हणालात मागून? 'बायको एकटी पुरते!' हसा, हसा! घरी जाऊन उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

हे आपलं मार्केट यार्ड. एके काळी इथं व्यापारी हमालाला विचारायचा, 'काल कुणाच्या सभेला गेला होतास?' नको त्या सभेला गेला असेल, तर काम बंद! म्हणून आपल्या थोरल्यांनी संघटना काढली. पहिलाच नियम केला — जात, धर्म, पक्ष विचारायचा नाही. त्या भिंतीवर रंगवलाय. वळून बघा!

आणि एक रीत पाडली. भरलेलं पोतं एकट्याला स्वतःच्या पाठीवर घेता येत नाही. मग नवा गडी आला की पोत्यापुढं वाकून उभा राहायचा. जो पुढं होऊन हात देईल, तो त्याचा जोडीदार. मगच अर्जावर सही! किती सुंदर रीत!

यंदा गहिनीनाथ आला. वय बेचाळीस, सूतगिरणी बंद पडलेली. संघटनेचे सेक्रेटरी रंभाजी आप्पा म्हणाले, "निवडणुकीत तू समोरच्या पक्षाच्या टेबलावर चिठ्ठ्या वाटत होतास ना रे?"

"होतो, आप्पा."

"मग काम त्यांच्याकडं माग की!"

"त्यांच्याकडं माझं मत आहे, आप्पा. पोती तुमच्याकडं आहेत."

आप्पांनी अर्ज नाकारला? छे! नियम पाठ आहे त्यांना. म्हणाले, "रीतीप्रमाणं उचल पोतं."

सोमवार. सकाळचे नऊ. सहा नंबरचा गाळा. भोवती साठेक हमाल. गहिनीनाथ वाकला — हात गुडघ्यांवर, मान खाली. आणि मंडळी, कुणी विडी पेटवली. कुणाला चपलेचा तुटका अंगठा आठवला. एक जण ट्रकचा नंबर वाचायला लागला — ज्याला सही येत नाही, तो!

वाकलेल्या माणसाला काय दिसतं? पाय. नुसते पाय. त्यानं पायांवरून माणसं ओळखली — हा आपल्या गल्लीतला, ह्याच्या लेकीच्या लग्नात मी पंगत वाढली. पाय हलले नाहीत.

शेवटी त्यानं विचारलं, "कोणी आहे का?"

साठ माणसांच्या मधोमध! 'कोणी आहे का?'

पावणेदहाला तो सरळ झाला. आप्पांनी वहीत लिहिलं — 'पोतं उचललं नाही.' खोटं आहे? नाही! एक अक्षर खोटं नाही!

घरी बायको म्हणाली, "अहो, म्हणून टाका, चुकलं, आता तुमचाच आहे. जिभेला काय वजन उचलायचंय?"

तो म्हणाला, "तेवढं एकच ओझं मला एकट्याला पेलतं. तेही टाकून देऊ?"

तेव्हापासून दर सोमवारी नऊला येतो. वाकतो. पावणेदहाला जातो. अकरा सोमवार झाले. आता तर कुणी चपलेकडंही बघत नाही. पोत्यांच्या थप्पीसारखी त्याचीही सवय झाली!

आपण रोज म्हणतो, देवा, हात दे. देवानं कधी विचारलं, 'आधी सांग, मत कुणाला दिलंस?' — विचारलं असतं, तर इथले निम्मे आज घरी बसले असते!

गहिनीनाथ आज कीर्तनाला आलाय. शेवटच्या सतरंजीवर बसलाय. तुम्ही इथं मांडीला मांडी लावून बसलात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हात-हात जागा मोकळी. मला इथून दिसते. त्याला तर सगळ्यात आधी दिसत असेल.

मृदंग थांबवा. आरतीचं ताट खाली ठेवा. त्या जागेवर कुणी जाऊन बसल्याशिवाय आज आरती नाही. आणि जो बसेल, त्यानं उद्या नऊ वाजता सहा नंबरच्या गाळ्यापुढं यायचं. उद्या सोमवार आहे.

कोण?

...

आप्पा, तुमचे गुडघे दुखतात, ठाऊक आहे मला. सावकाश उठा. आम्ही थांबतो.